५२२२ नंबरचं दार

गोळीबार चौकाच्या मागे, बाबांचा माग विकला गेला
त्या खोलीत मी एक कॉम्प्युटर ठेवला.
सेकंडहँड, सीताबर्डीहून सायकलच्या कॅरियरवर आणलेला,
मॉनिटर नसलेला. त्याला लागतही नव्हता.
मे महिन्यात कूलरची हवा आधी त्याला, मग आम्हाला.
आई म्हणायची, "जावई आहे काय रे तो?"

तो सर्व्हर होता. म्हणजे काय,
हे मोहल्ल्यात कुणालाच नीट सांगता आलं नाही.
बाबांना एकदा म्हटलं: फणी असते ना मागाची,
सूत कोणत्या दुकानातलं हे ती विचारत नाही,
मापाचं असलं की ओवलं जाते. तसं.
"मंग मालक कोण?"
मी म्हटलं, मापाले मालक असते काय?
ते माझ्याकडे पाहून हसले. माग गेल्यानंतर पहिल्यांदा.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून मनोहर उके यायचा,
'रात्रपाळी' या नावानं. जाफरनगरची शबाना म्हणजे 'लू'.
आणि गोंदियाकडचा कुणी 'धानपाखरू',
ज्याचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही,
ज्यानं बाबा गेले तेव्हा तेराव्यापर्यंत
रोज रात्री दोनला विचारलं: जेवला काय?

कुणी मोठ्या कंपनीच्या घरून बोले, कुणी माझ्या,
धानपाखरू बालाघाटच्या एका मास्तरच्या मशीनवरून.
घरं वेगळी, गल्ली एक.
फोन नंबर कुणी कुणाला मागितला नव्हता.
लोडशेडिंगला हिरवे ठिपके एकेक करून विझत,
आधी इतवारी, मग नंदनवन,
यादीकडे पाहून सांगता यायचं
अंधार आता कुठवर आलाय.

मग मोठ्या कंपनीनं तिच्या बाजूनं दार लावलं.
आवाज झाला नाही.
निरोप इकडून निघायचा, परत यायचा नाही,
चूकही दाखवायचा नाही.
उके राखाडी झाला.
मी लिहिलं: काय बे, मेला काय?
लिहिलं: तीन हजाराचं म्हणशील तर राहू दे.
लिहिलं: बाबा गेले.
लिहिलं: बरं.

अकरा महिने मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.
मेडिकल चौकात तो दिसला, पोह्यांवर तर्री घेताना.
मी मान फिरवली. त्यानंही फिरवली.
तर्री त्याच्या शर्टावर सांडली,
नाहीतर बोललोच नसतो.
"काऊन नाही बोलला बे तू?"
"मी? मी तं बोलूनच राहिलो होतो. तूच—"
त्यानं फोन काढला. सतरा निरोप.
कुणाकडून तरी बाबांचं कळलं होतं त्याला.
शेवटचा: येऊ का घरी?
खाली बारीक अक्षरात, पाठवला.

पोहे थंड झाले. त्यानं मग नवं ॲप टाकून दिलं माझ्या फोनमध्ये.
आता ग्रुप आहे, दोनशे चौदा माणसं,
सकाळी गुलाब येतात, रात्री चंद्र.
शबाना गेल्या वर्षी त्यातून बाहेर पडली,
तशी ओळ आली, तिच्यावर लगेच कुणाचा तरी गुलाब.
माझा फोन फुटाळ्यात पडला तेव्हा
चार वर्षांचं बोलणं त्याच्यासोबत बुडालं.
जुन्या मशीनवरचं सगळं आहे. साधी फाईल,
कशातही उघडते. "जेवला काय" तेरा वेळा.

मशीन चालूच ठेवलंय. दोनदा पॉवर सप्लाय बदलला.
बायको बिल पाहून काही बोलत नाही, फक्त पाहते.
उके कधी येतो, म्हणतो, बंद कर ना बे, कोण येते आता?
आणि जाताना स्वतःच पंख्यावरची धूळ फुंकतो.

यादीत धानपाखरू आहे. राखाडी.
आधी राखाडी म्हणजे घरी नाही, एवढंच होतं.
आता सांगता येत नाही.
तिकडे कुणीच नाही,
की तो बोलूनच राहिला आहे.